नेमाचा हिशेब

नेम लागला असे म्हणताना आपण नेमके काय म्हणत असतो, याचा विचार गलोल हाती धरणारा मुलगा करीत नाही आणि त्याच्या पराक्रमाची हकीकत पारावर चारचौघांत रंगवून सांगणारा त्याचा चुलताही करीत नाही. एका दगडात चिंचेच्या शेंड्यावरचा आकडा पाडल्याची कथा गावात वर्षानुवर्षे टिकते. त्या दगडापूर्वी किती दगड शेजाऱ्याच्या कौलांवर पडले, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरी सापडत नाही. लागलेल्या नेमाला साक्षीदार आपोआप मिळतात, हुकलेला नेम बेवारशी राहतो, आणि अशा एकतर्फी साक्षीपुराव्यावर आपण कोणालाही नेमबाज ठरवून मोकळे होतो.

ही सवय आपल्याकडे पुष्कळ जुनी आहे. आदिपर्वातील द्रोणांच्या परीक्षेची कथा आपल्या घरांतून सांगितली जाते तेव्हा अर्जुनाला पोपटाचा डोळा दिसतो. मूळ संहितेत मात्र झाडाच्या शेंड्यावर बसविलेला तो पक्षी शिल्पकारांकडून करवून घेतलेला, भास जातीचा कृत्रिम पक्षी आहे आणि अर्जुनाला त्याचे मस्तक तेवढे दिसते, बाकीचे गात्र दिसत नाही. लक्ष्य जितके लहान कल्पावे तितकी चूकही लहान होते, हा त्या कथेतला शहाणपणाचा भाग कोणत्याही काळी खराच आहे. परंतु एकाग्रतेची परीक्षा म्हणून ती जितकी उत्तम तितकीच नेमाची परीक्षा म्हणून ती अपुरी आहे, कारण बाण एकच सुटला आणि एका बाणावरून काहीही सिद्ध होत नाही. ज्याचे निम्मे नेम लागतात आणि निम्मे हुकतात अशा सामान्य हाताचे सलग पाच नेम लागण्याचा संभव बत्तिसांत एक इतका असतो. म्हणजे दुपारभर गलोल चालविणाऱ्या कोणाही पोराच्या वाट्याला असा एखादा सुयोग यावयाचाच, आणि आला की तेवढाच लोकांच्या ध्यानात राहावयाचा.

मग अचूकता मोजावी कशी? त्याची रीत सोपी आहे, फक्त ती मनाला फारशी मानवत नाही. दहा पावलांवर एक मोठा कागद टांगावा, त्याच्या मध्यावर एक ठिपका काढावा, एकाच मापाच्या दहा गोळ्या एकामागून एक सोडाव्या आणि सर्व दहा भोके, एकही न वगळता, पाहावी. ती पाहताना दोन निराळे दोष दिसू लागतात. दहाही भोके एकमेकांना खेटून, पण ठिपक्यापासून चार बोटे डावीकडे पडलेली असतील, तर हाताला एक कल आहे. भोके ठिपक्याच्या सभोवार, पण कागदभर विखुरलेली असतील, तर हाताला पसारा आहे. कल असलेला नेमबाज पाहणाऱ्याला नालायक वाटतो, कारण त्याची एकही गोळी ठिपक्याला लागत नाही. पसारा असलेल्याची एखादी तरी बरोबर मध्यावर बसते आणि त्याची वाहवा होते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. कल हा घटकाभरात दुरुस्त होणारा दोष आहे, नेम चार बोटे उजवीकडे धरला की तो संपला. पसारा मात्र महिनोन्‌महिने मेहनत घेतल्याखेरीज आवरत नाही. म्हणून ज्या वर्तुळात निम्मी भोके सामावतात त्या वर्तुळाची त्रिज्या हेच नेमाचे खरे माप धरावयाचे, आणि गोळी ठिपक्याला लागली की नाही हा प्रश्न त्यानंतर विचारावयाचा.

या मापाने पाहिले म्हणजे अंतराचा प्रश्नही स्पष्ट होतो. अंतर दुप्पट झाले की पसाराही दुप्पट होतो. पण लक्ष्य तेवढेच राहते. त्यामुळे १० मीटरवर डब्याच्या झाकणाला दहांपैकी पाच गोळ्या लावणारा हात २० मीटरवर दहांपैकी अडीच लावील असा जो अंदाज सहज केला जातो तो फसतो. गणिताने पाहता तेथे सहांतून एखादीच लागते. दूरच्या नेमाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हा हिशेब मनाशी ठेवला, तर पारावरच्या पुष्कळ हकीकती आखूड होतील.

तथापि अचूकता ही काही सर्व साधनांना एकाच गजाने मोजावयाची वस्तू नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, जेथील मालदांडी ज्वारीचे नाव सर्वदूर झालेले आहे, कणसात दाणा भरू लागला की गोफण बाहेर निघते. त्या खोल काळ्या जमिनीत दगड दुर्मिळ, म्हणून चिकणमातीचे गोळे वळून, उन्हात वाळवून, माळ्यावर राशीने रचून ठेवलेले असतात. अशाच एका माळ्यावर बसलेल्या वृद्ध राखणदाराला, ज्यांना सारी वस्ती आबा म्हणते, प्रस्तुत लेखकाने विचारले की आबा, थव्यातले एखादे पाखरू टिपता येते का? त्यांनी प्रश्नाकडे दयार्द्र नजरेने पाहून उत्तर दिले, "पाखरू मारायचं न्हवं, उठवायचं. मारायला ग्येलं तर कणीस बी तुटतंय." भोरड्यांचा थवा शेताच्या ज्या कोपऱ्यात उतरला त्या कोपऱ्यावर गोळा पडला, सुटलेल्या दोरीच्या टोकाचा फटकारा वाजला आणि थवा उठला, म्हणजे आबांचा नेम लागला. त्यांचे लक्ष्य एक पाखरू नसून दहा हात रुंदीचा पट्टा होता, आणि त्या मापाने त्यांचा एकही गोळा वाया गेला नाही.

आबांचे म्हणणे यंत्रशास्त्राच्या कसोटीलाही उतरते. हात आणि दोरी मिळून एक मीटर लांबीची गोफण ३० मीटर प्रतिसेकंद वेगाने गोळा फेकते असे धरले, तर सुटण्याच्या क्षणी ती सेकंदाच्या हजाराव्या भागात जवळजवळ पावणेदोन अंश फिरते. म्हणजे दोरीचे टोक बोटांतून सुटण्यास एक हजारांश सेकंद उशीर झाला तरी ३० मीटरवर गोळा सुमारे दोन हात बाजूला जातो. रोमन सैन्यशास्त्रावर लिहिणाऱ्या व्हेजीशियसने गोफणदारांच्या सरावासाठी ६०० फुटांवर काटक्यांच्या वा गवताच्या पेंढ्या उभ्या कराव्या असे सांगितले आहे, तेही या साधनाचा स्वभाव ओळखूनच. गोफणीची दिशा काळावर अवलंबून आहे आणि काळ बोटांच्या ताब्यात पुरता येत नाही. गलोलीची दिशा जागेवर अवलंबून आहे आणि जागा माणसाला निश्चित करता येते. गलोलीला सूक्ष्म नेमाचे साधन म्हणावयाचे ते एवढ्याच कारणाने.

बेचक्याला रबर बांधलेली आजची गलोल, जिला कोठे गलोर तर कोठे बेचकी म्हणतात, तिचे वय गोफणीच्या मानाने अगदीच कोवळे आहे. चार्ल्स गुडइयरला गंधक व उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची युक्ती १८३९ मध्ये साधली, त्यानंतरच हे साधन शक्य झाले. त्यापूर्वी आपल्याकडे गलोल म्हणून ओळखले जाई ते एक धनुष्य होते. त्याला दोन समांतर दोऱ्या असत, त्यांच्या मध्यावर गोळी धरण्यापुरती पट्टी असे आणि तीतून मातीच्या गोळ्या सुटत. त्या धनुष्यात एक उपजत अडचण होती. गोळीच्या वाटेत धनुष्य धरणाऱ्याचाच अंगठा येई, आणि सोडण्याच्या क्षणी मनगटाला किंचित हिसका देण्याची कला ज्याला साधली नाही त्याला तो अंगठा ठेचूनच ती शिकावी लागे. बेचक्याच्या दोन भुजांनी गोळीला मोकळी वाट करून दिली. तरीही ज्याचा पसारा आवरलेला नाही त्याची गोळी आजही अधूनमधून भुजेवर आदळून परत फिरते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर लेथ चालवून निवृत्त झालेल्या एका टर्नर मिस्त्रींना गलोलीचा नाद आहे. गच्चीच्या एका टोकाला आडव्या बांबूवर जुनी गोधडी सैल टांगलेली, तिच्यापुढे दोरीला एक पत्र्याचे झाकण, खाली एक खोके. झाकणाला लागलेली वा हुकलेली गोळी गोधडीत वेग हरवून खोक्यात पडते आणि पुन्हा उपयोगात येते. ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीतून कापून कानशीने गोल केलेले बेचके, निमुळत्या कापलेल्या लॅटेक्सच्या पट्ट्या आणि मध्ये दोन बोटे लांबीचे मऊ चामडे, एवढाच त्यांचा सरंजाम. त्यांना विचारले, मिस्त्री, नेम कशात असतो? ते म्हणाले, "डोळा काय, देवानं सगळ्यांनाच दिलाय. चिमटी तेवढी ज्याची त्यानं करायची असती."

मग त्यांनी ते करून दाखविले. बेचके आडवे धरलेले, त्यामुळे दोन्ही पट्ट्या एकीखाली एक येतात आणि वरच्या भुजेचे टोक हेच माशीचे काम करते. उजव्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने चामड्यातली गोळी धरून त्यांनी पट्टी गालापर्यंत ओढली आणि अंगठ्याचे नख ओठाच्या कोपऱ्याला टेकविले. ते टेकले की मान हलली नाही, खांदा उचलला नाही. डोळा, वरची पट्टी, भुजेचे टोक आणि झाकण एका रेषेत आले, आणि दुसऱ्या क्षणी झाकण वाजले. पुढची गोळी सोडण्यापूर्वी त्यांनी मुद्दाम नख ओठाच्या कोपऱ्यापासून जरासे खाली टेकविले. गोळी झाकणाच्या वरच्या कडेला घासून गेली. ते म्हणाले, "हितं एक सूत हललं की तितं दोन बोटं. लेथवर बी असंच असतंय."

मिस्त्रींचे त्रैराशिक काटेकोर आहे. ओढीची लांबी ८० सेंटिमीटर आणि लक्ष्य १० मीटरवर असेल, तर मागच्या हाताची चूक लक्ष्यावर साडेबारा पटींनी वाढून उमटते. एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरांच्या आत-बाहेर, त्याचे तेथे चार सेंटिमीटर होतात. नेम सुधारण्याची सारी विद्या या एका पटीत सामावलेली आहे. हाताला बळ असणे किंवा नजर तीक्ष्ण असणे यांचे महत्त्व दुय्यम. मागचा हात प्रत्येक वेळी त्याच जागी येऊन थांबणे आणि तेथून वेडावाकडा न होता सुटणे, यालाच प्राधान्य. म्हणून चेहऱ्यावर एक हाडाची वा ओठाच्या कोपऱ्याची खूण कायम करावी आणि ती कधी बदलू नये. जी ओढ छातीशी, हवेत, कोणत्याही आधाराविना थांबते ती रोज निराळ्या जागी थांबते.

दुसरे ठिकाण चिमटीचे. चामडे पिळलेले असेल, किंवा अंगठा आणि तर्जनी यांतले एक बोट आधी सुटत असेल, तर गोळीला बाजूचा धक्का बसतो आणि भोके डावी-उजवीकडे पसरतात. तीच भोके वर-खाली पसरत असतील तर दोष बहुधा खुणेत, ओढीच्या लांबीत किंवा गोळीच्या वजनात असतो. बेचके आडवे धरणाऱ्याने ही वाटणी आपल्या धरण्याच्या रीतीप्रमाणे पडताळून घ्यावी, पण पसाऱ्याचा आकार वाचल्यावाचून उपाय योजू नये. कागदावरचा तो आकार हाच गुन्ह्याचा पंचनामा होय.

गोळीच्या वजनाची गोष्ट तर अनेकांच्या ध्यानीही येत नाही. ५० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटलेली गोळी १० मीटर जावयास सेकंदाचा पाचवा भाग घेते आणि तेवढ्या वेळात सुमारे २० सेंटिमीटर खाली येते. गोळी जड असल्याने वेग विसांत एकाने घटला तर आणखी दोन सेंटिमीटर. आठ मिलिमीटरच्या पोलादी छर्ऱ्याचे वजन दोन ग्रॅमांच्या किंचित वर, साडेनऊ मिलिमीटरच्या छर्ऱ्याचे साडेतीन ग्रॅम. डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या दीड मिलिमीटरच्या फरकाने वजन दीडपटीहून अधिक होते. नदीकाठचे खडे कितीही निवडून घेतले तरी त्यांत याहून मोठा फरक राहतो, शिवाय ओबडधोबड खडा हवेत वळणे घेतो. खड्यांनी सराव करणाऱ्याला आपली चूक कोणती आणि खड्याची कोणती हे कधीच कळत नाही. म्हणून एकाच साच्यात वळलेल्या मातीच्या गोळ्या हे गरिबाला परवडणारे आणि हिशेबाला चोख असे साधन आहे.

रबराचाही स्वभाव ओळखावा लागतो. सायकलच्या ट्यूबा आज बहुधा ब्युटिल रबराच्या असतात. ते रबर हवा उत्तम धरते, पण ताणलेले बळ परत देताना त्यातला बराच भाग स्वतःतच मुरविते. नैसर्गिक लॅटेक्सची पट्टी त्या मानाने चपळ. परंतु पट्टी कोणतीही असो, ती ताणून फार वेळ थांबणे हा नेमाचा घात आहे. इंग्लंडातील केंडल येथील जॉन गॉफ या अंध पंडिताने १८०५ मध्ये असे नोंदविले की रबराची पट्टी झटकन ताणून ओठांना लावली तर ती कोमट लागते. ती ऊब थांबल्यास हवेत निघून जाते, आणि जेवढी ऊब गेली तेवढे बळ परत फिरताना कमी पडते. नेम धरून श्वास कोंडून बराच वेळ तिष्ठणाऱ्याची गोळी खाली जाते, त्याचे एक कारण थकलेला हात आणि दुसरे ही उडून गेलेली ऊब. खूण टेकली, रेषा जुळली, की सोडावे. मन डळमळले तर पट्टी सावकाश सैल करून पुन्हा आरंभ करावा.

सरावाची शिस्त मिस्त्रींच्या नोंदवहीत पाहावयास मिळाली. पाने फाटली होती, शाई पुसट झाली होती, पण रकाने नेटके: तारीख, अंतर, गोळीचे माप, पट्टी कधी बांधली, दहांपैकी किती लागल्या आणि हुकलेल्या कोणीकडे गेल्या. नवशिक्याने १० मीटरवरून आरंभ करण्याची घाई करू नये. पाच मीटरवर झाकणाला दहांपैकी नऊ लागू लागल्या की दोन पावले मागे जावे, आकडा घसरला की पुढे यावे. एका बैठकीत दहा-दहा गोळ्यांच्या चार-पाच फेऱ्या पुरेत. बोटे थकल्यावर सोडलेली प्रत्येक गोळी हाताला चुकीची सवय लावते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण पट्टी, गोळी आणि खूण तिन्ही एकदम बदलणाऱ्याला सुधारणेचे श्रेय कोणाचे हे ठरविता येत नाही. आणि लक्ष्याच्या मध्यावर खडूचा एक ठिपका अवश्य असावा. झाकणाकडे पाहणारा झाकणाच्या कडेला समाधान मानतो, ठिपक्याकडे पाहणारा झाकण चुकवीत नाही. येथे द्रोणांचे शिक्षण पुन्हा उपयोगी पडते, फक्त बाण दहा सोडावयाचे.

सुरक्षिततेचा बंदोबस्त हा या विद्येचाच भाग समजावा. डोळ्यांना चष्मा हवा, कारण पट्टी तुटते ती चेहऱ्याशी ताणलेली असताना तुटते. बांधणीजवळ बारीक चीर दिसली की पट्टी त्याच दिवशी बदलावी. पोलादी छर्रा भिंतीवरून वा दगडावरून उसळून परत येतो, मातीची गोळी फुटून जाते, म्हणून मुलांच्या हाती छर्रा देऊ नये. लक्ष्याच्या मागे गोधडी आणि तिच्यामागे मोकळी जागा किंवा भिंत असावी, रस्ता नसावा.

सरावाच्या या शिस्तीला एक अपवाद मोठा आहे आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात रूफस हसी नावाचा एक ग्रामीण गृहस्थ झाडाच्या बेचक्याची गलोल आणि साधे खडे घेऊन हवेत उडविलेले डबे पाडीत असे, आणि त्या कौशल्यापायी तो दूरदर्शनवरही झळकला. चेहऱ्यावर खूण नाही, रेषा जुळविणे नाही, गोळ्यांचे माप नाही. परंतु या उदाहरणाने नियम मोडत नाही, त्याचा मुक्काम तेवढा हलतो. बालपणापासून तीच ओढ, तेच अंतर आणि तीच लय यांची इतकी उजळणी झाल्यावर खूण चेहऱ्यावरून स्नायूंत उतरते. अशी सहजसिद्धी ज्याला हवी त्याला तितके आयुष्यही खर्ची घालावे लागते. नोंदवही हा त्या मानाने स्वस्त मार्ग आहे.

शेवटी लक्ष्याचा प्रश्न. गलोल आणि पाखरू यांची जोडी आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की पक्षिमित्र शाळाशाळांतून मुलांच्या गलोली जमा करून घेतात, आणि त्यांचे चुकते असेही म्हणवत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अनुसूचीतल्या, म्हणजे जवळपास सर्वच, रानपक्ष्यांची शिकार गुन्हा आहे आणि मारण्याचा नुसता प्रयत्नही शिकारीच्या व्याख्येत येतो. दयेचा आणि कायद्याचा हा युक्तिवाद पुरेसा आहेच. पण ज्या मुलाला दोन्ही पटत नाहीत, त्याच्यासाठी नेमाच्याच शास्त्रातून निघणारा तिसरा युक्तिवाद आहे, आणि तो पोरांना अधिक लवकर पटतो असा मिस्त्रींचा अनुभव आहे. पाखरू हे नेम शिकण्यासाठी अत्यंत निकृष्ट लक्ष्य होय. ते दर वेळी निराळ्या अंतरावर, निराळ्या उंचीवर बसते; हुकलेली गोळी पानांत नाहीशी होते, ती वर गेली की खाली, डावीकडे की उजवीकडे, याचा मागमूस राहत नाही; आणि एक गोळी सुटली की लक्ष्यच उडून जाते, दुसरी गोळी ताडून पाहण्याची सोय नाही. पाखरांमागे दहा वर्षे हिंडलेल्या मुलापाशी अखेर काही हकीकती जमतात, तर झाकणापुढे दहा आठवडे उभ्या राहिलेल्या मुलापाशी आपल्या चुकीचे माप असते. उद्यमनगरातल्या त्या गच्चीवर येणाऱ्या पोरांना मिस्त्री पहिल्या दिवशी गलोल देतच नाहीत. आधी कागदावर दहा रकाने आखावयास लावतात, आणि हुकलेल्या गोळीचा रकाना रिकामा सोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गोळ्या मिळत नाहीत.